ओवाळणीच्या ताटातला किराया

ये गं, अशी जवळ सरक. तू तिकडं बंगळुरात आणि मी इथं सिडकोच्या घरात, तरी आजीनं ये म्हटलं की यायचं, निदान मनानं तरी. आधी रागावून घेते, मग सांगते. परवा तू मोबाईलवर चार ओळी टाकल्यास. पुण्याचा फ्लॅट दादाला भाड्यानं देतेयस, त्याला ऑफिसात दाखवायला पावत्या पाहिजेत, आणि तुला मात्र ते भाडं कुठं दाखवायचं नाही, कारण ‘घरातल्या घरात आहे, कोण विचारतंय?’ पुढं एक हसणारं तोंड. अगं, सख्ख्या भावाला घर भाड्यानं देणं ही काय हसणाऱ्या तोंडाची गोष्ट आहे? ते वाचता वाचता माझा चहा निवून गेला. तू चार ओळींत विचारलंस, पण उत्तर काही चार ओळींत मिळायचं नाही. बस आता.

आणि ‘आईला करातलं काय कळतंय’ असं तुझ्या बापाला म्हणू देऊ नको. शाळेत माझं नाव कधी लागलं नाही हे खरं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मी एवढीशी होते. पुढं फुलंब्रीकडच्या आमच्या गावात मराठी शाळा भरायला लागली, पण ती पोरांची. माझा धाकटा भाऊ शाळेच्या दारात जाऊन भोकाड पसरायचा, म्हणून त्याला कडेवर घेऊन मी जायची, आणि त्यानं गप बसावं म्हणून मास्तरांनी मलाही उंबऱ्यात बसू दिलं. तो गिरवायचा कंटाळा करायचा, मग त्याची पाटी मी गिरवायची. हजेरी त्याची लागली, अक्षरं मला आली. लग्न होईपर्यंत एवढंच शिक्षण. पुढचं सगळं मी पुड्यांच्या कागदावर वाचलं. वाण्यानं साखर बांधून दिली की साखर डब्यात आणि कागद माझ्याकडं. तुझे आजोबा म्हणायचे, ही बाई किराणा वाचायला आणते.

तर हा भाऊ. आई गेली, आप्पा गेले, तेव्हापासून माझं माहेर म्हणजे हा एकटाच. हे ध्यानात ठेव, कारण पुढं जे काही झालं ते याच्यापायी.

आमच्या आप्पांचा एक कायदा होता, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. शेताच्या वादाची कोर्टात तारीख असली की ते शहरात यायचे, माझ्या ओसरीवर बसायचे, घरून बांधून आणलेली भाकरी सोडून खायचे आणि पाणी पिणार कोर्टाच्या नळावर. तुझा बाप जन्मला तेव्हा कुठं त्यांनी माझ्या हातचा पहिला चहा घेतला, आणि उठताना बशीखाली रुपया ठेवून गेले. तुझे आजोबा पाटबंधारे खात्यातले, सगळ्याची टवाळी करायचे. म्हणाले, “सासऱ्यांनी टिप ठेवली वाटतं. चहा जमला म्हणायचा.”

अशा माणसाचा हा मुलगा. वाळूजला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. रोज गावातून फुलंब्री, फुलंब्रीहून शहर आणि शहरातून कंपनीची बस, असा त्याचा निम्मा जन्म खिडकीजवळच्या सीटवर गेला. पोरं कॉलेजला आली तशी त्याची फारच ओढाताण व्हायला लागली. इकडं तुझे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं आणि वरचा मजला रिकामा होता. जिना बाहेरून, दोन खोल्या, गच्ची. घर माझ्या नावावर. मी म्हटलं, “अरे, वर येऊन राहा.”

तो म्हणाला, “फुकट? बहिणीच्या घरी? आक्का, काय बोलायलीस तू?”

“मग काय भावाकडून किराया घेऊ?” आमच्याकडं भाड्याला किरायाच म्हणतात, तुझ्या पुण्यात हसतील. “लोक म्हणतील, नवरा गेला आणि हिनं भावालाच किरायदार केलं.”

“मग मी येत नाय.”

“मग मी घेत नाय.”

असं चार दिवस चाललं. शेवटी माझ्या भावजयीनं तोड काढली. ती बाई हुशार आहे, आजही आहे. म्हणाली, “वन्सं, किराया म्हणू नका. महिन्याच्या महिन्याला ह्यांना ओवाळा. ताटात काय टाकायचं ते हे टाकतील. भावानं बहिणीला ओवाळणी घातली, त्यात कुणाचं काय गेलं?”

आम्हा दोघांना ते इतकं पटलं की आम्ही तिला त्या दिवशी दोन वेळा चहा पाजला.

मग सुरू झाली आमची दरमहा भाऊबीज. पगार झाला की तो अंघोळ करून, टोपी घालून खाली यायचा. मी पाट मांडायचे, निरांजन लावायचे, कुंकू, अक्षता, सुपारी सगळं साग्रसंगीत. तो ताटात तीन हजार एक रुपये ठेवायचा. किराया तीन हजार, पण ओवाळणी शून्यावर कशी संपवायची? म्हणून वरचा एक रुपया शकुनाचा. आणि भाऊ ओवाळून घेऊन कोरड्या तोंडानं वर जाणार का? म्हणून पुरण. दर महिन्याला हरभऱ्याची डाळ शिजव, गूळ चीर, पाट्यावर वाट. त्यात त्याची पोरं, भावजय, सगळे जेवायला खालीच. जगात घरमालकीण किराया घेते. मी एकटीच अशी, जी किराया घेऊन किरायदाराच्या सगळ्या खटल्याला पुरणपोळी वाढायची, वर तूप.

एकदा महानगरपालिकेचा माणूस घरपट्टीची पाहणी करायला आला, तो नेमका ओवाळणीच्या वेळेला. दारात उभा राहून बघत होता. ताटात नोटा, भावाच्या कपाळावर टिळा, बाहेर कडक माघ.

“मावशी, आज काय आहे?” त्यानं विचारलं.

“ओवाळणी.”

“भाऊबीज तर कधीच झाली की.”

“आमच्यात दर महिन्याला असते.”

त्यानं वर बोट केलं. “ऊपर कोण राहतं? किरायदार आहे का?”

“भाऊ आहे माझा.”

“किराया देतो?”

माझा भाऊ पाटावरूनच गरजला, “बहिणीच्या घरी किराया? आम्ही काय तसली माणसं वाटलो का तुम्हाला?”

त्या माणसानं एकदा ताटाकडं पाहिलं, एकदा भावाकडं, आणि वहीत काहीतरी खरडलं. मी त्याला पोळी दिली. खाऊन गेला बिचारा. पण जाताना म्हणाला, “मावशी, असा भाऊ आम्हाला पण मिळू दे.”

आता गंमत ऐक. बहिणीच्या घरी किराया देत नाही म्हणून गरजलेला हाच माणूस तिकडं कंपनीत किरायदार होता. कंपनीत घरभाड्याचा भत्ता मिळतो, आणि खरोखर भाडं भरत असशील तर त्या भत्त्यावर कर कमी लागतो. त्यासाठी पावती लागते. तो पावत्या लिहून आणायचा, मी रेव्हेन्यू तिकिटावर सही करायचे. ‘घरभाड्यापोटी रुपये तीन हजार एक मिळाले.’ मी म्हणायचे, “अरे, यात ओवाळणी कुठं लिहिलंय?” तो म्हणायचा, “ते कंपनीचं मराठी हाय, आक्का. त्यांच्यात ओवाळणीला असंच म्हणतात.”

म्हणजे बघ, महानगरपालिकेला तो पाहुणा, कंपनीला किरायदार आणि माझ्या पाटावर भाऊ. तिन्ही ठिकाणी छाती पुढं काढून.

हे चाललं असतं असंच, पण आमच्या भावकीत एक म्हातारा वारला आणि सुतक पडलं. सुतकात ओवाळायचं नसतं. म्हणून त्या महिन्याचा किराया राहिला. पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम द्यायचे, तर सहा हजार दोन होतात, आणि ओवाळणीत दोन आकडा बरा दिसत नाही म्हणून त्यानं सहा हजार एक ठेवले. मीही तशीच पावती दिली. वर्षाच्या शेवटी कंपनीतल्या हिशोबवाल्या साहेबानं याला बोलावलं. अमुक महिन्याची पावती का नाही?

भाऊ म्हणाला, “साहेब, सुतक होतं.”

“किरायाला सुतक?”

“आमच्यात असतं.”

“बरं. आणि पुढच्या पावतीत एक रुपया कमी का?”

भावानं मला घरी येऊन सांगितलं, “आक्का, त्याला शकुनाचं समजावून सांगता सांगता माझ्या घशाला कोरड पडली.” तो साहेब कुठला तरी लांबचा होता, आपल्याकडचा असता तर पहिल्या वाक्यातच कळलं असतं त्याला. त्यानं शेवटी विचारलं, “घरमालक कोण?” बहीण. “सख्खी?” सख्खी. “पैसे खरे देता का नुसत्या पावत्या आणता?” तेव्हा माझा भाऊ भडकला. “ताटात ठेवतो! साऱ्या घरासमोर ठेवतो!”

साहेब म्हणाला, ताट चालणार नाही. चेकनं द्या, बाँडवर करार करा आणि तुमच्या बहिणीला म्हणावं, हे पैसे त्यांच्या उत्पन्नात दाखवा.

झालं. घरात बैठक बसली. भावजय म्हणाली, “वन्सं, मी चौकशी केलीय. भावानं बहिणीला दिलेल्या पैशावर कर नसतो म्हणे. मग ह्यांच्या कंपनीत किराया म्हणायचं आणि तुमच्या कागदात ओवाळणी म्हणायचं. दोघांचंही भागतंय.”

तुझ्या हसणाऱ्या तोंडाची आई ती हीच युक्ती, बाळ. मला त्या वेळी ती फार गोड वाटली. पण पुड्यांचे कागद वाचून वाचून मला एक खोड लागली होती, लिहिलेलं उलटून बघायची. म्हटलं, एकदा शहाण्या माणसाला विचारू.

गुलमंडीच्या मागं, अरुंद जिना चढून वर, एका तरुण सीएचं ऑफिस होतं. आम्ही तिघं गेलो. भावजयीनं वाटेतच ठरवलं होतं की बोलायचं तिनंच. पण त्या पोरानं तिला बोलू दिलं नाही, त्यानं सरळ माझ्या भावाला विचारलं, “मामा, हे पैसे तुम्ही तिथं राहता म्हणून देता का ती बहीण आहे म्हणून?”

“बहीण आहे म्हणून,” भाऊ छाती काढून म्हणाला.

“उद्या दुसरीकडं राहायला गेलात, तरी दर महिन्याला तीन हजार देणार?”

भाऊ पंख्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, “बोल की.”

“भाऊबीजेला देईन,” तो म्हणाला.

“मग बाकीच्या अकरा महिन्यांचं भाडंच झालं, मामा.”

त्या पोरानं मग मला नीट समजावलं. म्हणाला, मावशी, सरकारचं तुमच्या नात्याशी काही वाकडं नाही. घर भावाला द्या, लेकाला द्या, नाहीतर परक्याला द्या. राहण्याबद्दल पैसे आले की ते घरमालकाचं उत्पन्न. एकाच नोटेला मामांच्या कागदात भाडं आणि तुमच्या कागदात भेट, असं चालत नाही. मामांना करात सूट घ्यायची असेल तर तुम्हाला ते भाडं म्हणूनच दाखवावं लागेल. भेटच म्हणायची असेल तर म्हणा, पण मग मामांनी कंपनीत पावती देऊ नये.

मी विचारलं, “दाखवलं तर कर किती?”

त्यानं माझं पेन्शन विचारलं, घरपट्टी विचारली. म्हणाला, भाड्यातून तुम्ही भरलेली घरपट्टी वजा, राहिल्यातून तीस टक्के सरकार आपोआप सोडतं, दुरुस्ती-देखभालीसाठी म्हणून.

“आणि पुरणाचा खर्च?”

“काय?”

“डाळ, गूळ, तूप. किराया येतो त्या दिवशी पुरण असतं. ते कुठं वजा करायचं?”

त्या पोरानं पेन खाली ठेवलं. “मावशी, ते तीस टक्क्यांतच आलं असं समजा.” म्हणजे बघ, सरकारनं माझ्या नळाची, रंगाची, गच्चीच्या गळतीची काळजी केली, पण पुरणपोळीची नाही केली. सरकारला बहीण नसावी.

शेवटी त्यानं हिशोब करून कागद पुढं सरकवला. “कर शून्य. तुमचं एकूण उत्पन्नच करमर्यादेच्या आत बसतंय. तरी रिटर्न भरून ठेवा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मामांचा कागद आणि तुमचा कागद एकच बोलेल.”

शून्य! आम्ही तिघंही जिना उतरलो ते हसतच. मी तर उतरता उतरता म्हटलं, “चला, सुटलो.” आता बघ, कर शून्य लागला त्या दिवसापासून आमच्या घरात जे भांडण लागलं, ते कर लागला असता तरी लागलं नसतं.

कारण करार राहिला होता. कोर्टाजवळ टाईपवाले बसतात, त्यांच्याकडं भाऊच जाऊन बाँड टाईप करून घेऊन आला. त्यानं तो जिन्यावर उभ्या उभ्या वाचला आणि वरूनच हाक मारली. “आक्का!” त्या हाकेनंच मला कळलं की काहीतरी बिनसलं. खाली येऊन त्यानं मला एक ओळ वाचून दाखवली. ‘अकरा महिन्यांची मुदत संपताच भाडेकरूने सदर जागा विनातक्रार रिकामी करून मालकाच्या ताब्यात द्यावी.’

“हे तू लिहायला सांगितलंस?”

“मी कशाला सांगू? तूच तर टाईप करून आणलास.”

“अकरा महिन्यांनी तू मला बाहेर काढणार?”

“अरे, सगळ्यांच्या करारात असतं ते.”

“मी सगळ्यातला हाय का?” असं म्हणून तो बाँड माझ्या टेबलावर ठेवून वर निघून गेला.

त्या महिन्यात ओवाळणी झाली नाही, चेकही आला नाही. मी पुरण शिजवून ठेवलं होतं. तो बाहेरच्या जिन्यानं जायचा आणि बाहेरच्या जिन्यानं यायचा. पूर्वी कामाला जाताना ‘येतो गं’ म्हणून जायचा, ते बंद. पोरांनाही खाली पाठवेना. भावजय तेवढी यायची, वाटीत भाजी घेऊन, वाटीसोबत निरोप घेऊन.

“वन्सं, ते म्हणायलेत, करारावर राहायचं तर परक्याकडं राहू.”

“आणि तू काय म्हणायलीस?”

“मी काय म्हणू? मला तर तुमच्या बोअरचं पाणी सोडवत नाय.” शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते काय तुला सांगायला पाहिजे? तिचं बरोबर होतं. पाण्यापायी तिनं नवऱ्याला चार दिवस थोपवलं, पण तो काही ऐकेना. सुट्टीच्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, छावणीत जागा बघत फिरायला लागला. मला हे दुधवाल्याकडून कळलं. माझं माहेर माझ्या डोक्यावरच्या खोलीतून उठून छावणीला चाललंय, आणि मला ते दुधवाला सांगतोय! मी त्याला म्हटलं, दूध मोज मुकाट्यानं.

मनात काय काय येत होतं. वाटायचं, फाडून टाकावा तो बाँड, ताटच बरं होतं. मग वाटायचं, फाडला तर त्याला कंपनीत खोटं बोलावं लागेल आणि मला इकडं. आणि त्या पोरगेल्या सीएनं विचारलेलं, ‘दुसरीकडं गेलात तरी देणार?’ ते काही डोक्यातून जाईना. ताटात ठेवलेल्या नोटांनी त्याचा मान राहत होता, माझाही राहत होता, पण त्या नोटा किरायाच्याच होत्या. आम्ही दोघं एकमेकांना निरांजनाच्या उजेडात फसवत होतो, आणि तेही पुरणपोळी खाऊन.

एक दिवस तो खाली आला. बसला नाही. म्हणाला, “आक्का, छावणीत जागा बघितली. इसार दिलाय. पुढच्या महिन्यात जातो.”

मी म्हटलं, “बरं. तिथं करार नाय?”

“हाय.”

“त्यात काय लिहिलंय?”

“तेच.”

“विनातक्रार रिकामी करून?”

“व्हय.”

“मग तिथं चालतंय आणि इथं चालत नाय, असं का?”

“तो परका हाय, आक्का. परक्यानं लिहिलेलं लागत नाय.”

हे मात्र मला लागलं. पण बाई, रागही आला. असा राग की आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर खुर्चीवर बसून राहिले आणि त्याला उभा ठेवला.

म्हटलं, “आप्पा गेले त्या साली तू मला तहसीलला घेऊन गेलास. आठवतंय?”

त्यानं टेबलावरचा बाँड उगाच सरळ केला.

“हक्कसोड होतं. वडिलांच्या जमिनीत, विहिरीत, घरात ‘माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही’. तुला वाटलं, आक्का नुसती सही करायली. मी वाचत होते. तुझ्या पाटीवर शिकलेल्या अक्षरांनी वाचत होते. सही केली. तू बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजलास आणि बसमध्ये बसवून दिलंस. तेव्हा मी तुला म्हटलं का, मला माहेराच्या बाहेर काढायलास म्हणून?”

“तो रिवाज हाय, आक्का. सगळ्या बहिणी देतात.”

“अन् हा करार सगळे किरायदार देतात.”

“त्या कागदात निघून जा असं कुठं लिहिलं होतं?”

“तुला दिसलं नसेल,” मी म्हटलं. “मला तर तेवढंच दिसलं.”

जिन्यावर भावजय उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. भाऊ खाली बघत उभा राहिला. मग हळूच, लहानपणी शाळेच्या दारात बसायचा तसा तो जमिनीवरच बसला. मोठा माणूस, पोरं कॉलेजला, आणि मांडी घालून फरशीवर.

“मग सही का केलीस?” त्यानं विचारलं.

“तू आणला होतास म्हणून.”

वर त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तरी भावजय हलली नाही. बऱ्याच वेळानं तो उठला, टेबलावरचा बाँड घेतला, खिशातलं पेन काढलं आणि न वाचता सही केली. मी म्हटलं, “वाच, वाच. न वाचता सही करायची नाय.” मग त्यानं तो सगळा मोठ्यानं वाचला, मास्तरांसमोर धडा वाचतात तसा. त्या ओळीवर आला तेव्हा घसा साफ केला आणि तीही वाचली.

छावणीचा इसार बुडाला. घरमालक म्हणाला, दिलेला इसार परत मिळत नसतो. त्या वर्षी माझ्या भावाचा जेवढा कर वाचला त्यातला बराच भाग छावणीतल्या एका परक्या माणसाला गेला. सरकारला द्यायचा नव्हता ना, मग गेला तो असा.

तेव्हापासून चेक. पुढच्या वेळी महानगरपालिकेचा माणूस आला, तेव्हा मी आपणहून सांगितलं, वर किरायदार आहे. घरपट्टी वाढली. मी भावाला बिल दाखवलं, तर तो म्हणाला, “करारात घरपट्टी मालकाकडं हाय, बघ.” करार माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ झाला होता! नळ ठिबकायला लागला की खाली येऊन सांगणार, “मालकीणबाई, दुरुस्ती. तीस टक्के मिळतात तुम्हाला.” आणि पहिल्या भाऊबीजेला पाटावर बसला आणि ताटात टाकले फक्त एकावन्न रुपये. म्हणाला, “किराया चेकनं गेला, आक्का. ही नुसती ओवाळणी हाय.” ते एकावन्न मी खर्च केले नाहीत, ते कुठंच दाखवले पण नाहीत, आणि दाखवायची गरजही नव्हती. सीएला मुद्दाम विचारून घेतलं.

पुढं पेन्शन वाढलं, तुझ्या आजोबांच्या ठेवींचं व्याज आलं, किरायाही थोडा वाढवला, तेव्हा मला थोडा करही बसला. भरला. आता भावाला निवृत्त होऊन कैक वर्षं झाली. ना कंपनी, ना भत्ता, ना पावती विचारणारा साहेब. मागं मी त्याला म्हटलं, “आता कशाला किराया देतोस? कशाला दरवेळी करार करायचा? राहा असाच.”

तो केवढा चपापला. म्हणाला, “का गं? काढायचंय का मला?”

म्हणजे ज्या कागदापायी तो घर सोडून चालला होता, त्या कागदाशिवाय आता त्याला झोप लागत नाही. मी हसले, पण मला कळलं त्याचं. बहिणीच्या मर्जीवर राहायचं म्हणजे रोज थोडं थोडं ऋणात राहणं. किरायानं राहिलं की मान वर करून ‘नळ ठिबकतोय’ म्हणता येतं. तेव्हा करार चालू आहे, चेक चालू आहे, आणि मी पण दरवर्षी त्याचा किराया माझ्या रिटर्नमध्ये दाखवतेच.

तर तुझं सांगते. दादाशी करार कर. पैसे बँकेतून घे, आणि जेवढे घेशील तेवढे तुझ्या उत्पन्नात दाखव. तो पावती दाखवून सूट घेणार आणि तू तोंडावर बोट ठेवणार, असलं करू नको. एखादा दिवस तो फुरंगटेल, फुरंगटू दे. त्याच्यासमोर बसून सगळी कलमं मोठ्यानं वाच, आणि वाचताना त्याला काहीतरी खायला दे.

आणि तू मोबाईलवर पुरे कर आता. पुढच्या महिन्यात आमचा करार संपतोय. आता तो संगणकावर होतो, बोट मशीनवर ठेवायचं असतं, पण साक्षीदार दोन लागतातच. एक भावजय आहे. यंदा दुसरी तू हो. रात्रीच्या बसमध्ये बस, सकाळी इथं. वरच्या मामाआजोबांना मी सांगून ठेवलंय की पोरगी येतेय. तो रोज गच्चीवरून रस्त्याकडं बघतोय. ये लवकर.